आतून कडी नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण थांबा, लगेच डोळ्यांपुढे तोरण, रांगोळी आणि पितळी कडी आणू नका. माझ्या नशिबी तोरण कधी आलं नाही. मी बँकेच्या स्ट्राँगरूमचा दरवाजा. अंगानं पोलादी, वीतभर जाड आणि वजनाला दीड टन. मला समोरून पाहाल तर एक मोठं गोल चाक दिसेल, त्याच्याखाली किल्लीची दोन भोकं दिसतील, आणि पितळेची एक पट्टी दिसेल. त्या पट्टीत लोक आपला चेहरा बघतात आणि केस सारखे करतात.

हे झालं बाहेरून. माझ्यात एक खोट होती, ती आधीच सांगून टाकतो, कारण सगळी गोष्ट तिच्यामुळेच घडली. माझ्या आतल्या बाजूला काहीच नव्हतं. मूठ नाही, चाक नाही, साधी कडीसुद्धा नाही. नुसता सपाट पत्रा. ज्यांनी मला बनवलं त्यांना आत माणूस राहील हे स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आतल्या मुक्या वस्तूंना बाहेर पडायची घाई नसते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. हैदराबादला नारायणगुड्यातल्या एका गल्लीत मराठी मंडळींची एक सहकारी बँक होती, तिनं मला मागवलं. मला आणणारी लॉरी वाट चुकून गौलीगुड्याच्या बाजारात शिरली आणि हातगाड्यांच्या गर्दीत दोन तास अडकून पडली. तेवढ्यात निम्मा बाजार मला बघून गेला. "अरे बाप रे, ये दरवाजा है की पहाड?" असं एक केळीवाला म्हणाला, आणि खरं सांगतो, मी तेव्हा फार फुगलो. एवढं कौतुक झाल्यावर कोण फुगणार नाही?

मला भिंतीत बसवायला आठ दिवस लागले. माझ्यामागची खोली म्हणजे सगळीकडून दोन फूट जाड काँक्रीट. मागच्या भिंतीत मात्र एक छोटा लोखंडी दरवाजा होता, माणूस सरपटत जाईल एवढाच. मी कधी बिघडलो तर आत शिरायला म्हणून तो ठेवलेला. मी त्याला धाकटा म्हणायचो. आम्ही दोघं एकाच खोलीचे राखणदार, पण सगळं नाव माझंच व्हायचं. तो बिचारा मागच्या बोळात गंजत राहायचा.

माझी शिस्त कडक होती. मला दोन किल्ल्या. एक मॅनेजर एकनाथरावांकडे, दुसरी हेड कॅशियर केशवरावांकडे. दोघांनी आपापली किल्ली फिरवल्याशिवाय माझं चाक हलायचं नाही. एकाची किल्ली दुसऱ्यानं घ्यायची नाही, दोन्ही किल्ल्या एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत, आणि मी बंद झालो की आपापली किल्ली खिशात घालून दोघांनी दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी जायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हे केलं. मग हाताला सांगावं लागत नसे, हात आपोआप खिशाकडे जायचा.

आणि यादगिरी! त्याला विसरून कसं चालेल? यादगिरी बँकेचा शिपाई. बारीक अंगाचा, पानानं तोंड रंगलेला. दुपारी चारला मला बंद करायची वेळ झाली की तो आधी आत जायचा, प्रत्येक कपाटामागे वाकून बघायचा आणि तीनदा हाक मारायचा. दोनदा दखनीत, "अंदर कोई है? बंद कर रएं, देखो!" आणि एकदा तेलुगूत, "लोपल एवरैना उन्नारा?" मग बाहेर येऊन म्हणायचा, "साफ है साब." तेव्हा कुठं साहेब लोक किल्ल्या काढायचे. त्याची खूप चेष्टा व्हायची. आत कोण असणार रे, भूत? इतक्या वर्षांत त्याला एकदाच एक मांजर सापडलं होतं. पण यादगिरी हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा ओरडायचा. त्या हाकेची किंमत मलाही तेव्हा कळली नव्हती, मित्रांनो. ती कळायला पुढं फार काही घडावं लागलं.

केशवरावांचा माझ्यावर भारी जीव. दर शनिवारी ते स्वतः माझ्या बिजागऱ्यांत शिलाई मशीनचं तेल सोडायचे आणि पितळी पट्टी चिंचेनं घासायचे. "आमचं दार बघा, कुरकुरत नाही," असं पाहुण्यांना सांगायचे. एवढी निगा घरच्या माणसांची घेतली असती तर, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी नुसता चमकत राहायचो.

मग केशवराव रिटायर झाले, त्यांच्या मागोमाग एकनाथराव आणि यादगिरीही गेले. चार वर्षांनी बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत मिसळली आणि इमारत रिकामी झाली. मला शेवटचं बंद करताना कोणी तीनदा ओरडलं नाही. नऊ वर्षं मी बंद होतो. आत काळोख, बाहेर कबुतरं. मी उघडण्यासाठी जन्मलोय की बंद राहण्यासाठी, हेच मला कळेनासं झालं. रोज चार वाजता वाटायचं, आता कोणीतरी येईल. कोणी आलं नाही.

शेवटी एक दिवस पुण्याची एक मुलगी आली. श्रुती तिचं नाव, आर्किटेक्ट. हातात टॉर्च, डोक्यावर पिवळी टोपी. तिच्याबरोबर इमारतीचे नवे मालक होते. त्यांना सगळं पाडायचं होतं. श्रुती म्हणाली, "सर, हाडं मजबूत आहेत हिची. पाडून कचरा कुठं टाकणार? शहरात इतक्या इमारती रिकाम्या पडल्यात आणि माणसं घरं शोधत फिरतायत. ही आहे तशीच ठेवून घरं करू." मालकांनी माझ्या भिंतीवर थाप मारून पाहिली. हे काँक्रीट फोडायलाच महिना जाईल, हे त्यांना पटलं. असा मी वाचलो.

श्रुतीनं काम जीव लावून केलं, हे खोटं नाही. वरच्या मजल्यांवर जिथं टेबलं होती तिथं स्वयंपाकघरं झाली. काउंटरच्या जागी मुलांच्या सायकली लागल्या. मॅनेजरच्या केबिनची बैठकीची खोली झाली आणि माझ्यामागची स्ट्राँगरूम झाली झोपायची खोली. मला विकायचं नाही, असा तिनं हट्ट धरला. "हा दरवाजा या घराची शान आहे," म्हणाली. मी पुन्हा फुगलो. मागच्या बाजूला, त्या बोळाच्या जागी, मात्र शेजारच्या फ्लॅटचा स्वयंपाकाचा ओटा यायचा होता. श्रुती म्हणाली, तिथं खिडकी ठेवू. मालक म्हणाले, ओटा हवा. बराच वाद झाला आणि शेवटी तडजोड झाली. मला ठेवलं आणि धाकट्याला भंगारात दिलं. त्याचं भोक पातळ विटांनी बुजवलं आणि वर पांढऱ्या टाइल्स लावल्या. त्याला नेताना मी काहीच बोललो नाही. माझी शान राहिली होती ना!

हवा माझ्याकडूनच येणार म्हणून मला काटकोनात उघडं ठेवून भिंतीला साखळीनं बांधलं आणि वर पाटी लावली, "बंद करू नये." नऊ वर्षं बंद कोंडलेला मी आता उघडा बांधला गेलो. दोन्ही किल्ल्या काचेच्या चौकटीत, शोभेला. खोलीतल्या दिव्याचं बटण पूर्वीसारखं बाहेरच राहिलं, कारण दोन फूट काँक्रीटमधून वायर कोण काढणार? पंख्यालाही बाहेरून लांब वायर. आणि माझ्या आतल्या बाजूला कडी नाही, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझी आतली बाजू कोणी निरखून पाहिलीच नव्हती. सगळे मला समोरून बघायचे आणि फोटो काढायचे.

तो फ्लॅट कोणी घेतला असेल? केशवरावांनी! चिक्कडपल्लीला त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही, आणि त्यांच्या बायकोचे, चतुराबाईंचे गुडघे पार गेलेले. आपल्याच बँकेत घरं होतायत हे कळताच ते धावत आले आणि ठरवून मोकळे झाले. बायकोला सांगितलं ते सामान बांधताना.

चतुराबाई पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या तो दिवस आठवतो. ठेंगण्याशा, काठी टेकत, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! हेच का ते दार?" त्या म्हणाल्या. "पोराचं बारसं होतं तवा बी तुमचं हेच दार लागायचं राहिलं होतं, व्हय ना?"

"चतुरा, बघ तर खरं, कसं चमकतंय!" केशवराव म्हणाले.

"चमकंना तर काय! अर्ध्या जन्माचा माझा नवरा खाल्लाय त्यानं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यास्नी ठेवलंस धरून. आता मला बी ठेव."

मला ते लागलं, मित्रांनो. पण त्यांचं चूक काय होतं?

खोलीला खिडकी नव्हती. चिक्कडपल्लीला त्यांच्या गॅलरीतून समोरची पिठाची गिरणी दिसायची, गल्लीतली माणसं दिसायची, येणारा-जाणारा हाक मारायचा. इथं चारी बाजूंना काँक्रीट. "कोंडल्यासारखं होतंय हो," असं त्या दोनचारदा म्हणाल्या. केशवराव म्हणायचे, "सवय होईल. उन्हाळ्यात बघ किती गार राहतं." गार राहायचं हे खरं. बाकी त्या गप्प झाल्या. भिंतीतून एक आवाज तेवढा त्यांना भेटायचा. मागच्या फ्लॅटमध्ये राणी नावाची एक मुलगी एकटी राहायची, नोकरीवाली. ती सकाळी आणि संध्याकाळी सहाला मिक्सर लावायची. धाकट्याच्या जागी भिंत पातळ होती ना, तिथून घरघर ऐकू यायची. "राणीची चटणी चालली," असं म्हणून चतुराबाई स्वतःशीच हसायच्या.

केशवरावांचं शनिवारचं तेल पुन्हा सुरू झालं. श्रुतीनं लावलेली पाटी त्यांनी पहिल्याच महिन्यात काढली. म्हणाले, "माझ्या दाराला असली पाटी शोभत नाही."

आता त्या एप्रिलच्या दुपारची गोष्ट.

एकनाथराव रिटायर झाल्यापासून नांदेडला मुलाकडे राहायचे. कुणाच्या तरी लग्नाला हैदराबादेत आले होते, आणि संध्याकाळी सातला काचीगुड्याहून त्यांची परतीची गाडी होती. त्याआधी ते केशवरावांना भेटायला येणार होते. चतुराबाई सकाळीच म्हणाल्या, "मी वंदनाकडं जाते चिक्कडपल्लीला. आज तिथंच राहीन. तुम्ही दोघं बसा तुमच्या बँकेच्या गप्पा मारीत." वंदना ही त्यांची धाकटी बहीण. जेवून त्या निघाल्या. पण ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि वंदनाबाईंच्या घराला कुलूप. बिचाऱ्या तशाच परत आल्या. केशवराव तेव्हा एकनाथरावांना आणायला कोपऱ्यावर गेले होते. चतुराबाईंनी चपला दारात काढल्या, एक तांब्या पाणी घेतलं, बाहेरून दिवा लावला, आत येऊन पंखा लावला आणि मागच्या भिंतीजवळ, कपाटाच्या आड, गार फरशीवर अंग टाकलं.

थोड्या वेळानं दोघं मित्र आले. केशवराव त्या चपला ओलांडूनच आत आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज दारात दिसणाऱ्या चपला कोण बघतो?

चतुराबाई जाग्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. पण त्या उठल्या नाहीत. आपण इथं आहोत हे कळलं की चहा टाकायला सांगतील, मग भजी. थोडा वेळ पडू दे बाई, असं त्या पुटपुटल्या, ते मी ऐकलं.

बाहेर दोघांना नुसतं उधाण आलं होतं. एकनाथराव माझ्यावर हात फिरवत म्हणाले, "केशवराव, ह्याला काहीच झालं नाही हो! आपली मात्र सगळी हाडं वाजायला लागली."

"चालतंय अजून," केशवराव म्हणाले. "बघायचं का? एकदाच. चार वाजलेतच."

"हौ, काढा किल्ल्या!"

दोन म्हातारे लहान मुलांसारखे हसले. चौकटीतून किल्ल्या निघाल्या. माझी साखळी सुटली. पंख्याची वायर आड येत होती.

"पंखा चालू आहे की आत," एकनाथराव म्हणाले.

"ती अशीच चालू ठेवून जाते. विसरभोळी आहे," असं म्हणून केशवरावांनी वायर काढली, दिवा घालवला.

आत पंखा थांबला आणि अंधार झाला. "करंट गेला वाटतं," चतुराबाई म्हणाल्या. आणि मी हललो. मित्रांनो, मला थांबायचं होतं! पण बिजागरीत दर शनिवारचं तेल. तेल नसतं तर मी कुरकुरत, अडखळत गेलो असतो, त्या बाईला उठायला वेळ मिळाला असता. पण मी लोण्यासारखा गेलो. "अहो!" अशी आतून हाक आली. तेवढ्यात माझे दांडे खटाखट भिंतीत बसले आणि बाहेर एकनाथरावांनी टाळी वाजवली. एक किल्ली फिरली, मग दुसरी.

कोणी आत वाकून बघितलं नाही. ते यादगिरीचं काम होतं. या दोघांनी ते कधीच केलं नव्हतं, म्हणून ते राहिलंय हेही त्यांना उमगलं नाही.

मग काय झालं असेल? आपोआप हात खिशाकडे गेले. एकनाथरावांनी आपली किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, केशवरावांनी आपली. आता उघडायचं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही, कारण बंद केल्यावर आजवर एकच गोष्ट केलेली, घरी जायचं. हसत हसत दोघं बाहेर पडले, कोपऱ्यावर चहा घेतला, एकनाथराव रिक्षात बसले. केशवराव परत येऊन आरामखुर्चीत पेपर वाचत बसले आणि त्यांचा डोळा लागला.

आणि आत? आत चतुराबाई काठी चाचपडत माझ्यापर्यंत आल्या. त्यांचा तळवा माझ्या आतल्या पत्र्यावर टेकला. इतक्या वर्षांत त्या बाजूनं मला कोणी हात लावला नव्हता. तो हात वर गेला, खाली गेला, कडेकडेनं गेला. मूठ शोधत होता. मला काय वाटलं ते कसं सांगू? बाहेरून मी एवढा सजलेला आणि आतून त्या हाताला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. मला जन्मात पहिल्यांदा माझी लाज वाटली.

"अहो! उघडा की! मी आहे आत!" त्यांनी मुठीनं ठोकलं, काठीनं ठोकलं. वीतभर पोलादातून बाहेर काय जाणार? पलीकडे आठ हातांवर त्यांचा नवरा झोपला होता आणि मी मध्ये उभा होतो. त्यांच्याजवळ बटणाचा छोटा फोन होता. त्याला रेंज नव्हती, नुसता उजेड पडत होता. रक्तदाबाची गोळी बाहेर फ्रिजवर. आणि आज रात्री त्या बहिणीकडे राहणार, हेच नवऱ्याला माहीत. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी शोधणारसुद्धा नव्हतं. खोलीत होती तेवढीच हवा.

हे सगळं त्यांच्याही ध्यानात आलं. त्या माझ्या पायाशी बसल्या आणि रडल्या. "माय, कसलं मरण हे," म्हणाल्या. "कोणी विचारीना बी, हाय का नाही." मग पदरानं डोळे पुसले. त्यांचा श्वास मला कळत होता, आधी जोरात, मग हळू. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात यादगिरीला हाका मारल्या.

तेवढ्यात त्या उठल्या. हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि फोनच्या उजेडात मागच्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीला कान लावला. सरकत सरकत एके ठिकाणी थांबल्या. धाकट्याची जागा! तिथं त्या फतकल मारून बसल्या. उगाच ठोकून दम घालवला नाही. सहा वाजायची वाट बघितली. काय बाई म्हणायची!

सहाला पलीकडे घरघर सुरू झाली. चतुराबाई तांब्या घेऊन बडवायला लागल्या. मिक्सरच्या आवाजात ते बुडून गेलं. मिक्सर थांबला, ह्यांनी बडवलं. पुन्हा मिक्सर. पुन्हा थांबला आणि ह्या पुन्हा बडवू लागल्या. यावेळी पलीकडची डब्याची खुडबुड थांबली.

"कौन है?" राणीचा आवाज.

"राणी! मी चतुराकाकू! आत कोंडलेय मी!"

"काकू? आत म्हणजे कुठं?"

"तिजोरीत गं माय!"

राणी अनवाणी धावत आली आणि केशवरावांना गदागदा हलवलं. "काका, काकू आत लॉक झाल्यात!"

"छे! ती चिक्कडपल्लीला गेलीय," केशवराव डोळे चोळत म्हणाले.

"काका, मग ह्या चपला कोणाच्या?"

केशवरावांनी चपलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. धडपडत उठले, खिशातून किल्ली काढली, भोकात घातली, फिरवली. एका बाजूनं मी मोकळा झालो. चाक हलेना. ते दोन्ही हातांनी लटकले, तरी हलेना. मी हलणार कसा? दुसरी किल्ली काचीगुड्याच्या वाटेवर होती. एकनाथरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

राणी म्हणाली, "काका, सातची गाडी ना? मी स्कूटीवर जाते. त्यांचा फोटो द्या." भिंतीवर बँकेच्या निरोप समारंभाचा फोटो होता. तोच तिनं मोबाइलमध्ये टिपला आणि निघाली. जाता जाता ओरडली, "माझ्या किचनची वॉल तोडा, काका! तिथं पातळ आहे!"

पंचाहत्तरीच्या केशवरावांनी राणीच्या घरातला लोखंडी बत्ता उचलला आणि पांढऱ्या टाइल्सवर घातला. एक घाव, दुसरा, पाचवा. हात रक्ताळले. शेवटी एक वीट आत पडली आणि तळहाताएवढं भोक झालं. तिथून गरम हवा बाहेर आली, गार आत गेली. धाकट्या, तू गेलास तरी तुझी जागाच कामाला आली रे!

"चतुरा," केशवराव भोकाला तोंड लावून म्हणाले, "मी बघितलं नाही गं. चुकलो मी."

आतून आवाज आला, "नाही बघितलं, ते काय आजचंच आहे का हो?"

केशवराव लहान मुलासारखे रडायला लागले.

"घर घेतलंत, विचारलं नाही. कोंडल्यासारखं होतंय म्हटलं, ऐकलं नाही. आज दार लावलंत, तवा बी विचारलं नाही, आत कोणी आहे का. एवढंच विचारायचं होतं हो. मी काय जास्तीचं मागितलं होतं?"

"नाही गं. नाही मागितलंस."

"आणि मी जागीच होते. तुमचा चहा टाकावा लागंल म्हणून उठले नाही. ती माझी चूक. घ्या." एवढं म्हणून त्या रडता रडता हसल्या. "गोळी द्या आता. फ्रिजवर आहे."

तिकडे राणीला एकनाथराव डब्यात खिडकीशी बसलेले सापडले. तिनं तिजोरीचं नाव घेताच त्यांचा हात खिशातल्या किल्लीला लागला. गाडी सोडून ते तिच्या स्कूटीवर मागे बसून आले. दोघा म्हाताऱ्यांनी किल्ल्या फिरवल्या. चाक फिरलं आणि मी उघडलो. आयुष्यात इतक्या वेळा उघडलो असेन, पण तसा कधीच नाही. चतुराबाई माझ्या कडेला धरून बाहेर आल्या. सगळ्यांत आधी राणीला पोटाशी धरलं, मग म्हणाल्या, "एकनाथराव, बसा. चहा आज हे टाकतील." आणि केशवरावांनी मुकाट्यानं टाकला.

तिसऱ्या दिवशी श्रुती आली. तिनं माझ्या आतल्या पत्र्यावर हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. "मी एवढी मापं घेतली काकू, पण आत उभं राहून एकदा हा दरवाजा लावून बघितला नाही," म्हणाली. चतुराबाई म्हणाल्या, "आता बघ की. रडतीस कशाला?" मग वेल्डर आला. माझे दांडे कापले, कुलपं काढली. माझा सारा धंदाच गेला म्हणा ना! दिव्याचं बटण आत आलं. धाकट्याच्या जागी खिडकी झाली. तिच्यातून आता सकाळी चटणीची वाटी आत येते आणि संध्याकाळी थालीपीठ बाहेर जातं. आणि माझ्यासाठी केशवराव स्वतः गौलीगुड्याच्या बाजारात गेले आणि एक कडी घेऊन आले. साधी, लोखंडी. ती माझ्या आतल्या बाजूला बसवली. बाहेर नाही, फक्त आत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आमची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. माझी काळजी भरपूर घेतली गेली, तीच नडली. तुमच्या शहरात रिकाम्या इमारती असतील, तर त्यांची घरं जरूर करा. कबुतरांपेक्षा माणसं बरी. नऊ वर्षं एकट्यानं काढलेला मी हे सांगतो आहे. पण जी जागा माणसासाठी बांधलेलीच नव्हती, तिथं माणूस ठेवण्याआधी एकदा आत जा, दार लावा आणि बघा, आतल्याला ते उघडता येतं का. आणि जो आत राहणार, त्याला विचारा.

आता दुपारी चारच्या सुमारास चतुराबाई मनाला आलं की मला आतून लावून घेतात आणि निवांत पडतात. केशवराव बाहेर येऊन उभे राहतात. किल्ली नाही, चाक नाही. माझ्यावर बोटानं टकटक करतात आणि यादगिरीसारखं तीनदा विचारतात. दोनदा दखनीत, "अंदर कोई है?" आणि तिसऱ्यांदा मराठीत, हळू आवाजात, "चतुरा, आत आहेस ना?"

आतून कधी लगेच उत्तर येतं, कधी येत नाही. ते थांबतात.

"आहे," चतुराबाई म्हणतात. "उघडते."